बसू का, चाचा?

त्याचं नाव मी घेणार नाही. एक तर नाव घेतलेलं त्याला आवडेल, आणि त्याला आवडेल असं काही करायची माझी इच्छा नाही. दुसरं म्हणजे आमच्या कॉलेजात त्याला नावानं कुणी हाक मारतच नव्हतं. प्रोफेसरांपासून मेसच्या आचाऱ्यापर्यंत सगळे त्याला तिपाईवाला म्हणायचे. आता निलंग्यात त्याचा दवाखाना आहे, आणि तिथंही रिक्षावाल्याला नुसतं तिपाईवाला डॉक्टर म्हटलं की तो बरोबर दारात नेऊन सोडतो. मला लातुरात दवाखाना टाकून त्याच्याइतकीच वर्षं झाली. माझा पत्ता अजून खुणेनं सांगावा लागतो, पाण्याच्या टाकीच्या पुढं, मेडिकलच्या दुकानावर.

सरळच सांगते. मला त्याचा हेवा वाटायचा. वाटायचा काय, वाटतो. लोक म्हणतात वयानं माणूस निवळतो. असेल बाई, मी काही निवळले नाही.

नांदेडला आम्ही डॉक्टरकी शिकत होतो तेव्हा वर्गात अपंग म्हणावेत असे आम्ही दोघंच. माझ्या डाव्या पायाला पोलिओ. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या आणि त्यांना चामड्याचे पट्टे, त्याला कॅलिपर म्हणतात. तो चढवला की मी उभी राहते, चालते, जिनाही चढते, फक्त वेळ लागतो. त्याचा उजवा पाय पोलिओनंच वाळलेला, पण कॅलिपर त्याला सोसायचा नाही. काखेत एक कुबडी आणि खांद्याला पट्ट्यानं अडकवलेली एक लाकडी तिपाई, असा तो यायचा. त्याचे अब्बा निलंग्यात टांगे दुरुस्त करायचे. टांगे बंद पडल्यावर ते खुर्च्या, बाजा, पाट असलं काहीबाही करू लागले, आणि पोरगा डॉक्टर व्हायला निघाला तेव्हा त्यांनी टांग्याच्याच लाकडातून ही तिपाई करून दिली. चार पायांची का नाही केली, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "चार पाय उंचसखल जागेवर डुगडुगतेत डॉक्टरीणबाई. तीन कुठंबी टेकतेत."

डॉक्टरीणबाई हे त्यानं मला पहिल्या आठवड्यात ठेवलेलं नाव. तेव्हा मला धड थर्मामीटर झटकता येत नव्हता.

प्रवेशाच्या वेळी आम्हा दोघांना डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभं केलं होतं. चालून दाखवा, वाकून दाखवा, जिना चढून दाखवा. मी सगळं करून दाखवलं आणि वर "अजून काही, सर?" असं विचारलं. तो म्हणे जिन्यापाशी गेला, मान वर करून बघितलं आणि बोर्डाला म्हणाला, "चढतो की. पन वर काय हाय ते आधी सांगा. काम असंल तर चढतो." बोर्डातले एक डॉक्टर हसले आणि तिथंच त्याचं काम झालं. मी चढून उतरले तेव्हा कुणी हसलं नव्हतं, शाबासही म्हटलं नव्हतं.

आता आमच्या घरचं सांगते, म्हणजे माझं कळेल. आम्ही मुरुडचे. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवसापासून घरात एक नियम होता की कुणाकडं काही मागायचं नाही. आधीच्या पिढ्यांनी मागून लई खाल्लं, आता बास, असं आजोबा म्हणायचे. बाबा सरकारी कारकून. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा बाबांची बदली नव्या कचेरीत झाली. फायलींचे गठ्ठे आले, शिक्के आले, साहेब आले, पण खुर्च्या पुरत्या आल्या नव्हत्या. बाबा पत्र्याच्या पेटीवर बसून काम करायचे, पेटीतलं काही लागलं की उठून उभ्यानं लिहायचे. ही गोष्ट आमच्याकडं पाहुणे आले की व्हायचीच. "खुर्ची मागितली न्हाई मी," बाबा म्हणायचे, "जिल्हा उभा केला आपण." मी त्या गोष्टीवर वाढले. कॅलिपर लागला तेव्हा बाबा मला एवढंच म्हणाले होते, "पायाचं कौतुक करून घेऊ नको."

मी नाही करून घेतलं. शाळेत प्रार्थनेला उभी राहिले, पंधरा ऑगस्टला उभी राहिले, आणि मेडिकलला आल्यावर शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये उभी राहिले. तिथं बसायची रीतच नव्हती. आमचे विभागप्रमुख जुन्या वळणाचे. टेबलावरचा देह हा तुमचा पहिला गुरू, गुरूपुढं शिष्यानं बसायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. स्टुलं होती, ती मागच्या खोलीत एकावर एक रचून ठेवलेली. दुपारपर्यंत माझा पाय आगीत घातल्यासारखा व्हायचा. मी टेबलाची कड धरायची आणि स्नायूंची नावं मोठ्यानं म्हणायची, म्हणजे कण्हल्याचा आवाज त्यात जायचा.

आणि हा आला, खांद्यावरून तिपाई काढली आणि टेबलापाशी मांडली.

"हे काय?" सर म्हणाले.

"तिपाई हाय सर. बसाया."

"इथं कुणी बसत नाही."

"सर, उभा राह्यलो की माझा एक हात कुबडीत जातो. राह्यला एक. बसलो की दोन्ही मोकळे. तुमाला एका हाताचा डॉक्टर पायजे का दोन हातांचा?"

वर्ग खुसखुसला. सर खुसखुसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही बघ. हिला कधी स्टूल लागलं? हिनं कधी तक्रार केली?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी पाय मरणाचा दुखत होता, पण मी अशी ताठ उभी राहिले की बाबांनी बघायला पाहिजे होतं. ते वाक्य मी पुढं कितीतरी दिवस पदकासारखं मिरवलं. त्यानंही माझ्याकडं बघितलं, पण तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता, माझ्या बुटाकडं बघत होता. मग त्यानं तिपाई उचलली, दाराबाहेर नेऊन ठेवली आणि उंबऱ्यापाशी बसून तिथून मान लांब करून बघू लागला. रोज तेच. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची कुबडी ओलांडून जावं लागायचं, सरांनासुद्धा. काही दिवसांनी सर वैतागून म्हणाले, "आत ये बाबा एकदाचा."

तो आत आला. तिपाई मांडली, पण बसला नाही. टेबलावरच्या देहाकडं वाकून हळूच म्हणाला, "बसू का, चाचा?" जरा वेळ थांबला, जणू हो म्हणायला त्या माणसाला वेळ लागतोय. मग बसला आणि कामाला लागला.

सर बाजूलाच होते. त्यांनी ऐकलं. थोरांपुढं धाकट्यानं आपण होऊन बसायचं नाही, पण विचारून बसायला आपल्याकडं कुणी ना म्हणत नाही, हे सरांनाही ठाऊक होतं. ते पुढच्या टेबलावर गेले. तेव्हापासून रोज तो विचारायचा आणि रोज बसायचा. वर्गातली निम्मी पोरं पुढं हात लावायच्या आधी "चाचा, येऊ का" म्हणायला लागली. मी वर्षभर उभी राहून कुणाची एक सवय बदलली नव्हती, आणि ह्यानं बसून सगळ्या हॉलची बदलली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याला मागायची लाजच नव्हती. दार जड असलं की "दार धरा हो", पाटी लांब असली की "मला वाचून दाखवा", डबा वरच्या फळीवर असला की "काढा जरा". आणि लोक द्यायचे, खुशीनं द्यायचे. वर त्याच्याशी दोन शब्द बोलायला थांबायचे. माझ्यासाठी कुणी दार धरलं तर मी म्हणायची, राहू द्या, जमतंय मला. लोक दार सोडायचे आणि निघून जायचे.

पाय कशानं गेला म्हणून विचारलं तर मी मान खाली घालून म्हणायची, लहानपणी ताप आला होता. त्याच्याकडं प्रत्येकासाठी नवी गोष्ट. मेसवाल्याला सांगितलं, निजामाच्या राज्यात शेतसारा थकला होता, तवा सरकारनं पाय जप्त केला. तेव्हा ह्याचा जन्मही झालेला नव्हता, पण मेसवाला चुकचुकला आणि त्याच्या ताटात एक पोळी जादा पडली. कॉलेजच्या जिन्याला एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती, गवंड्याची चूक. तिला त्यानं मामलेदारीण असं नाव ठेवलं होतं. चढताना कुबडी टेकवून म्हणायचा, "मामलेदारीणबाई, अर्ज घ्या गरिबाचा." मीही त्याच पायरीवर रोज अडखळायची. मला वाटायचं चूक माझ्या पायाची आहे.

एकदा दिवाळीच्या सुट्टीला नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत आम्ही दोघं सापडलो. गाडी खचाखच भरलेली. अपंगांसाठी असं लिहिलेल्या सीटवर एक कापडाचा व्यापारी ऐसपैस बसलेला. मी दांडा धरून उभी राहिले, दुसरीकडं बघत. ह्यानं कुबडीनं सीटवरची पाटी ठोकली.

"शेठ, ही जागा माझ्या पायाची हाय. तुमी उठा."

व्यापाऱ्याचं तोंड असं झालं की आता भांडण जुंपतंय. तो कसाबसा उठला. हा बसला आणि लगेच हात पुढं केला. "पिशवी द्या इकडं. उभ्यानं जड होती." व्यापाऱ्याची पिशवी मांडीवर घेतली, खिशातली बडीशेप त्याच्या हातावर ठेवली, कापडाचे भाव विचारले. लोहा येईपर्यंत दोघं घरच्या गप्पा मारत होते आणि अहमदपूरला व्यापारी उतरताना म्हणाला, "डॉक्टर, आमच्याकडं या जेवायला." मधेच त्यानं मलाही म्हटलं, "डॉक्टरीणबाई, या, मी उठतो, आता तुमी बसा." मी म्हटलं, मला सवय आहे. लातूरपर्यंत मी उभी. घरी गेल्यावर पाय सुजलेला बघून आई रडली आणि मी तिच्यावर ओरडले.

मग दुष्काळ पडला. त्या वर्षी पाऊस आला तसा गेला. हॉस्टेलच्या विहिरीचा तळ दिसायला लागला आणि अंगणात टँकर यायचा. ज्यानं त्यानं आपली बादली भरून आपल्या खोलीत न्यायची. माझी खोली वरच्या मजल्यावर. कॅलिपर घालून भरली बादली जिन्यानं नेणं होत नाही. मी तांब्या-तांब्यानं पाणी न्यायची, कठडा धरून, चार पायऱ्या चढून थांबायचं, परत चढायचं. अर्धं सांडायचं, ते बुटात जायचं. खाली खोली मागितली असती तर रेक्टरबाईंनी दिली असती. मी मागितली नाही.

मुलांच्या हॉस्टेलात हा पहिल्या दिवशी जिन्याच्या खाली तिपाई टाकून बसला आणि म्हणाला, "माझी बादली वर कोन नेतंय?" कुणी नेली. दुसऱ्या दिवशी त्यानं पोरांना जिन्यावर एकेका पायरीला उभं केलं आणि बादल्या हातोहात वर जायला लागल्या, त्याची एकट्याची नाही, सगळ्यांच्याच. टँकरवाला पाणी सोडताना ह्याची वाट बघायचा. हे आमच्या मुलींच्या हॉस्टेलात कळलं तेव्हा माझी शेजारीण म्हणाली, "किती हुशार ना गं? आपणही करू या का तसं?" मी म्हटलं, आपल्याला काय गरज आहे. माझ्या बुटात तेव्हा पाणी होतं.

त्या पाण्यानं घात केला. चामडं भिजायचं, वाळायचं, कडक व्हायचं. गुडघ्याखालच्या पट्ट्यानं कातडी सोलली आणि जखम झाली. धुवायला धड पाणी नाही. मी वॉर्डातला कापूस आणून आत कोंबायची आणि वरून पट्टा आवळायची. पोलिओच्या पायात जोर नसतो, पण दुखतं सगळं. तेव्हा आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. कुणाला काही कळलं नाही. ह्याला कळलं. एका दुपारी वॉर्डाच्या बाहेर कुणी नाही असं बघून तो म्हणाला, "पट्टा बदला डॉक्टरीणबाई. माझे अब्बा मऊ चामडं बसवून देतील. जखम आत गेली तर लई महागात पडंल."

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं.

"हाव, बघतो," तो म्हणाला आणि गेला. त्या जखमेबद्दल परत कधी बोलला नाही.

त्याच सुमाराला त्याच्यावर खरं संकट आलं. सर्जरीच्या सरांनी त्याला ऑपरेशन थिएटरमधून बाहेर काढलं. पोटाच्या ऑपरेशनला विद्यार्थ्यानं हाताखाली उभं राहायचं असतं, आणि ह्याला बसून करायचं होतं.

"बसून ऑपरेशन करणारा मी बघितला नाही," सर म्हणाले.

"सर, डोळ्याचे सर बसूनच करतेत की."

"ते डोळे आहेत. हे पोट आहे."

थिएटरची हजेरी नाही म्हणजे सर्जरीची टर्म नाही, टर्म नाही म्हणजे शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही. सर तेवढ्यावर थांबले नाहीत. हा माणूस डॉक्टरकीला शरीरानं लायक आहे का हेच पुन्हा तपासा, असं त्यांनी डीनना सांगितलं. म्हणजे सगळं शिकून झाल्यावर घरी. निलंग्यात त्याच्या अब्बांनी दारावर पाटी रंगवून ठेवली होती म्हणे, नावाच्या आधी डॉक्टर लिहून. तो पहिल्यांदाच गप्प झाला. मामलेदारिणीशी बोलेना. मला बरं वाटायला पाहिजे होतं, आणि खरं सांगते, थोडं वाटलंही.

डीननी आम्हाला दोघांनाही बोलावलं. मला कशाला, ते खोलीत गेल्यावर कळलं. डीन, सर्जरीचे सर आणि बाळंतपणाच्या विभागाच्या मॅडम, तिघं खुर्च्यांवर. खोलीत चौथी खुर्ची नव्हती. मी उभी राहिले. हा कुबडीवर उभा, तिपाई खांद्यालाच. त्या दिवशी त्यानं ती मांडली नव्हती.

डीन त्याला म्हणाले, "हे बघा, आमच्या मनात अढी नाही. तुमचा आजार तोच, यांचा तोच. या पाच वर्षं उभ्या आहेत. थिएटरमध्ये उभ्या राहतात, कधी कुरकुर नाही. मग तुम्हालाच का जमत नाही, एवढंच सांगा."

उत्तर त्याच्याकडं तयार होतं. मला माहीत होतं. त्यानं नुसतं म्हणायचं होतं, सर, त्यांचा पट्टा सोडून बघा. एका वाक्यात तो सुटला असता. मी श्वास धरून त्याच्याकडं बघत होते. तो बोलला असता तर लायकीचा प्रश्न माझाही निघाला असता. बोर्ड, जिना, बाबा, सगळं परत.

तो बोलला नाही. माझ्या बुटाकडं एकदा बघितलं आणि मग जमिनीकडं बघत म्हणाला, "सर, मला न्हाई जमत. त्यांना जमत असंल."

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते. कुणाला वाटेल दया आली, कुणाला वाटेल न्याय-अन्याय कळला. तसलं काही नाही. मला एवढा संताप आला की कानशिलं तापली. हॉल ह्याचा, टँकर ह्याचा, एसटीतला शेठसुद्धा ह्याचा, आणि आता मोठेपणाही हाच घेऊन जाणार? माझं झाकून स्वतः घरी जाणार, आणि मी जन्मभर त्याच्या उपकाराखाली डॉक्टर म्हणून फिरणार? घरचा नियम होता, कुणाचं घ्यायचं नाही. मी ते होऊ देणार नव्हते.

"सर," मी म्हटलं, "बसू का?"

डीनना कळलंच नाही. "काय?"

"मला उभं राहवत नाही. बसू का?"

खोलीत खुर्ची नव्हती म्हणून कुणी काही करेना. त्यानं खांद्यावरून तिपाई काढली, खाली ठेवली आणि कुबडीच्या टोकानं माझ्याकडं सरकवली. मी बसले. पाच वर्षांत शिक्षकांपुढं पहिल्यांदा बसले. आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं की त्याचाच मला जास्त राग आला. टांग्याचं लाकूड, गुळगुळीत, मधे जरासं खोलगट. ह्यानं पाच वर्षं हे सुख भोगलं होतं.

मी पट्टा सोडला. कापूस काढला. मॅडम खुर्चीवरून उठून आल्या आणि "अगं बाई" एवढंच म्हणाल्या. सर्जरीचे सरही उठले, आणि ते कडक इस्त्रीचे गृहस्थ माझ्यापुढं गुडघ्यावर बसून जखम बघायला लागले. कडेनं दाबून बघितली. कधीपासून आहे विचारलं.

"उभ्यानं जमतं असं नाही सर," मी म्हटलं. "उभ्यानं मी केलं. केलेलं जमलेलं नव्हतं. थिएटरमध्ये तुम्ही म्हणाला होता ना, चिमटा का थरथरतो? तो ह्यामुळं."

सर उठून हात पुसत म्हणाले, "उद्यापासून रोज ड्रेसिंगला यायचं. आणि बसून यायचं, स्ट्रेचरवर." आणि त्याच्याकडं वळून, "ती तिपाई लाकडाची आहे. लाकूड थिएटरमध्ये चालणार नाही. धुता येईल अशी पाहिजे."

म्हणजे झालंच. त्याचे अब्बा निलंग्याहून आले, टेबलाची उंची सुतळीनं मोजली आणि लोखंडी पाइपाच्या दोन तिपाया करून दिल्या. माझा पट्टाही बदलला, मऊ, आतून लोकरीचा नमदा लावून. मी नको म्हणणार होते, पण ते म्हातारे गृहस्थ माझ्यापुढं जमिनीवर बसून "बेटी, पाय दे" म्हणाले, आणि मला नाही म्हणता आलं नाही. आम्ही दोघांनी टर्म पुरी केली, परीक्षा दिली. पुढं पुढं सर्जरीचे सरच लांबलेल्या ऑपरेशनला त्यातली एक तिपाई ओढून बसायला लागले. कंबर धरते म्हणायचे.

कॉलेजभर काय झालं असेल? तिपाईवाल्यानं तिपाई थिएटरात नेली, असं झालं. हा मात्र जो भेटेल त्याला धरून सांगायचा, "म्या न्हाई, डॉक्टरीणबाईनं नेली." लोकांना वाटायचं, बघा, किती मोठ्या मनाचा. त्याचं कौतुक आणखी वाढलं. ह्यावर कुणाला काही उपाय सापडला तर मला कळवा.

घरी गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील. ते कंबर चोळत बसले. त्यांची कंबर नव्या जिल्ह्यापासूनच धरलेली होती. मग म्हणाले, "पुढं खुर्च्या आल्या होत्या. ज्यानं मागितली त्याला मिळाली. म्या मागितली असती तर मलाबी दिली असती त्यांनी." त्यानंतर पेटीची गोष्ट आमच्या घरात कधी कुणी सांगितली नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. त्यानं दवाखान्यात अपंग मुलामुलींना नर्सिंग शिकवायला एक खोली बांधली आहे. "उद्घाटन तुमच्या हातानं हाय. यायलाच लागतंय डॉक्टरीणबाई." माझं नाव पत्रिकेत आधीच छापलं होतं, न विचारता. म्हणजे बघा, माझा मान करण्याचा मानही त्यालाच.

ड्रायव्हर आजारी, म्हणून एसटीनं निघाले. गाडी भरलेली. अपंगांच्या सीटवर एक पोरगा, कानात वायरी घालून डोळे मिटलेला. मी दांडा धरला. धरला आणि दुसरीकडं बघायला लागले, सवयीनं. गाडी लातूर सोडून बाहेर पडली. पहिल्या खड्ड्याला पाय लटपटला. समोर त्या सीटच्या वरची पाटी दिसत होती, रंग उडालेली.

मी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, ही माझी जागा आहे. बसू का?"

तो धडपडून उठला. सॉरी आजी, सॉरी आजी म्हणत दांड्याला लोंबकळला. पाठीवर त्याची ही भली मोठी सॅक. मी बसले, पाय सरळ केला, पट्टा जरा सैल केला. मग हात पुढं केला.

"पिशवी दे इकडं," मी म्हटलं. "उभ्यानं जड होती."

औशापर्यंत आमच्या भरपूर गप्पा झाल्या. पोरगा चांगला होता, पुढं त्याला शिकायचं होतं. निलंग्यात उतरताना त्यानं माझा हात धरला, आणि मी धरू दिला. दवाखान्याच्या दारात हा तिपाई टाकून माझी वाट बघत बसलेला, टकलावर ऊन घेत. "बसायला भेटलं का गाडीत?" त्यानं विचारलं.

"मला सवय आहे उभं राहायची," मी म्हटलं.

एसटीतलं मी त्याला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.